चष्मा, साडेतीन आणे

बिल कागदावर नसायचं तेव्हा.
गिऱ्हाईक उठलं की झिपरूमामा आतूनच ओरडायचा:
चष्मा, साडेतीन आणे!
लाल पागोटं, पाच आणे, संगतीचं पोरगं फुकट!
आणि गल्ल्यावरचा शेठ मान वर न करता
नेमका त्याच माणसापुढे हात पसरायचा.

मामा आता नव्वदीपार.
मोतीबिंदूच्या पलीकडून धुळं बघतो.
रविवारी मी त्याला चाकाच्या खुर्चीत घालून
पांझरेच्या लहान पुलावर आणतो.
तो नाक वर करतो
आणि कुठं काय शिजायचं ते सांगतो.

तो पिंपळ दिसतो ना, त्याच्याखाली पेस्तनजीचा गुत्ता.
गिरणीची दुसरी पाळी सुटली की
मोहाचा वास एवढा उठायचा, झाडावरचे पोपट
तिरपे उडायचे.
(हे मामाचं म्हणणं. मी पोपट पाहिलेले नाहीत.)
मग दारूबंदी आली.
पेस्तनजीने पितळी मापं मोडीत घातली
आणि त्याच फळीवर, त्याच ग्लासांत
उसाचा रस विकायला घेतला.
पहिल्या दिवशी सतरा जण आले.
सवयीने भिंतीकडे तोंड करून प्याले.

पुलाच्या अलीकडे भागाबाई बडगुजरची खानावळ.
कोर्टाच्या तारखेला आलेले दोन्ही पक्ष
एकाच पंगतीत, पाठीला पाठ लावून.
"भांडन तठे, भाकर आठे," ती म्हणायची,
आणि कळण्याच्या भाकरीवर ठेचा सगळ्यांना सारखा.
फक्त भाड्याने आणलेल्या साक्षीदाराला चमचाभर जास्त,
खोटं बोलायला ताकद लागते म्हणून.

आग्रा रोडवर ट्रक वाढले, नवे पैसे आले.
एका रात्री भाजी संपली, ड्रायव्हर हटेना,
कोणीतरी फरसाणाच्या डब्यातली शेव रश्श्यात ओतली.
"ती मनी शे," मामा छाती ठोकतो.
धुळ्यात असे छाती ठोकणारे
मला आजवर अकरा भेटलेत.

एक गोष्ट मात्र तो पुलावर सांगत नाही.
घरी सांगतो, दिवा घालवल्यावर.

हॉटेलाच्या बाहेर एक खुंटी होती.
खुंटीला एक कपबशी.
ज्यांना आत यायचं नव्हतं त्यांच्यासाठी
(यायचं नव्हतं म्हणजे येऊ द्यायचं नव्हतं).
प्यायची, विसळायची, परत टांगायची.
मामा पुकारायचा: खुंटी, एक आणा.
माणूस नाही, खुंटी.

मग एका सकाळी एक मास्तर आला,
इस्त्रीचा कोट, खिशाला पेन.
खुंटीकडे पाहिलं. आत आला.
संगमरवरी टेबलाशी बसला.
सगळे चमचे थांबले.
मामा सतरा-अठरा वर्षांचा, हातात फडकं.
त्याने चहा ठेवला. मास्तर सावकाश प्याला.
उठला.
आणि मामा, घसा कोरडा, ओरडला:
कोट, दोन आणे!

शेठने तेवढीच एकदा मान वर केली.
बघत राहिला.
मग हात पसरला.

त्या संध्याकाळी कपबशी खुंटीवर नव्हती.
मामाने नदीत टाकली की शेठने फोडली,
दर वेळी वेगळं सांगतो.
खुंटी राहिली. तिच्यावर पुढे कॅलेंडर लागलं.

आता त्या जागी काचेचं दार, थंड हवा,
जेवणाची यादी मोबाइलवर येते.
आम्ही आत जात नाही. मामाला थंडी वाजते.
पुलाच्या तोंडाशी टपरीवर दोन कटिंग घेतो,
मी फोन पुढे करतो,
आणि टपरीवाल्याची डबी बाईच्या आवाजात बोलते:
वीस रुपये प्राप्त झाले.

मामा दचकतो. दर रविवारी दचकतो.
"कोना? कोना वीस रुपया?"
डबी गप्प.
तो खुर्चीचे हात धरतो, अर्धा उठतो,
आणि कोरड्या पांझरेवरून पलीकडे जाईल असा
जुना, फाटका आवाज लावतो:

चाकाची खुर्ची, वीस रुपये!
ढकलणारा फुकट!